लोकल थांबल्यावर वाट कोणाला?

१० जुलै २०१८ च्या सकाळी नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली होते. आदल्या दिवसापासून कोसळणाऱ्या पावसाने वसई-विरार पट्ट्यातील सखल भागाचे तळे करून टाकले होते. विरारची लोकल वाहतूक बंद पडली होती आणि वडोदरा एक्स्प्रेसमध्ये अडकून पडलेल्या उतारूंना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना पाचारण करावे लागले होते. वसईच्या मिठागरांत राहणारी कुटुंबे पाण्याने वेढली गेली होती. बऱ्याच भागांत वीज नव्हती, त्यामुळे हातातील मोबाईलही काही तासांत मुके झाले. त्या दिवशी वसई-विरारचे नागरिक एका परीने एकाच पातळीवर आले होते. ज्याच्या खिशात पैसा होता तोही घरीच होता आणि ज्याच्या खिशात नव्हता तोही.

परंतु असे दिवस विरळाच. लोकल बंद पडते ती बहुतेक वेळा इतक्या सर्वंकष रीतीने नव्हे. ओव्हरहेड वायर तुटते, सिग्नल बिघडतो, रुळाला तडा जातो, कधी रेल्वे स्वतःच्याच कामासाठी मेगाब्लॉक घेते. अशा वेळी रस्ता चालू असतो, वीज असते, मोबाईल चालू असतो, आणि मोबाईलवर बोट फिरवून दारात टॅक्सी बोलावण्याची सोयही असते. एकाच स्थानकावर रोज खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या प्रवाशांची विभागणी होते ती नेमकी अशा दिवशी. कोण टॅक्सीत बसून पुढे जातो, कोण फलाटावर उभा राहतो आणि कोण परत घरी वळतो, हे त्याची वस्ती सांगितली तर पुष्कळदा न विचारता सांगता येते. ही विभागणी वरवर दिसते त्याहून खोलवर गेलेली आहे.

वसई-विरारचे रेल्वेवरील अवलंबन आजचे नाही. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील पहिली उपनगरी गाडी १८६७ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली ती विरारहून बॅकबेपर्यंत, दिवसाला एकच. १९३६ मध्ये विजेवरील गाड्या विरारपर्यंत आल्या. पुढे मुंबईतील जागांचे भाव जसजसे चढत गेले तसतशी मुंबईची श्रमिक आणि निम्न-मध्यमवर्गीय वस्ती याच रुळांच्या कडेने खाडी ओलांडून उत्तरेकडे सरकली. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. त्यानंतरच्या वाढीची कल्पना सकाळच्या नालासोपारा स्थानकावर कोणालाही येऊ शकते.

या सर्व लोकसंख्येच्या आणि मुंबईच्या मध्ये वसईची खाडी आहे. ती ओलांडण्याचे मार्ग मोजून दोन-तीन. पहिला रेल्वेचा पूल. दुसरा मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील वर्सोव्याचा पूल. तेथील जुना पूल २०१३ नंतर दुरुस्तीसाठी पुनःपुन्हा अवजड वाहनांना बंद करावा लागला, आणि नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. तिसरा मार्ग म्हणजे वसई किल्ल्याच्या धक्क्यावरून भाईंदरला जाणारी रो-रो बोट. ती फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, परंतु रेल्वेच्या एका लोकलमध्ये जितकी माणसे मावतात त्यांच्या पासंगालाही ती पुरणार नाही. मुंबईची बेस्टची बस नेहमीच्या दिवशी खाडी ओलांडून वसईत येत नाही. म्हणजे रूळ थांबले की उरतो तो महामार्ग, आणि महामार्गावर आधीच गुजरातकडून येणारे ट्रक असतात.

येथे हिशेब मांडून पाहणे उपयोगाचे होईल. विरारहून चर्चगेटपर्यंतचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास चारशे रुपयांहून कमी पैशांत मिळतो. जगात क्वचितच कुठे साठ किलोमीटरचा रोजचा प्रवास इतका स्वस्त असेल, आणि हे स्वस्त तिकीट हेच वसई-विरार वसण्याचे खरे कारण आहे. आता नालासोपाऱ्याचा एखादा कामगार अंधेरीच्या कारखान्यात जातो असे समजा. रेल्वेने हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. रस्त्याने पेल्हार किंवा वसई फाट्यावरून वळसा घालून, वर्सोवा पूल आणि दहिसर ओलांडून जाताना ते चाळीस किलोमीटर धरले तरी कमीच धरले असे होईल. मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरसाठी ३१ रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २०.६६ रुपये, असा दर लागू झाला. त्या दराने हा प्रवास सव्वाआठशे रुपयांचा होतो. गर्दीच्या वेळी ॲपवरील टॅक्सीचे भाडे चढते. महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मर्यादित केली आहे, तर केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी दुपटीपर्यंत मुभा दिली आहे. दीडपटीने बाराशे चाळीस, दुपटीने साडेसोळाशे. दिवसाला सहाशे रुपये कमावणाऱ्या माणसाने कामावर पोचण्यासाठी बाराशे रुपये खर्च करावे, असे कोणतेही अर्थशास्त्र त्याला सांगणार नाही. तो घरी परत जातो. त्याचा खाडा पडतो. खाडी आणि खाडा यांचे नाते वसई-विरारमध्ये असे जवळचे आहे.

याच वेळी त्याच शहरातील दुसऱ्या घरात काय घडते? बँकेतील अधिकारी किंवा संगणक-क्षेत्रातील नोकरदार वरिष्ठांना फोन करतो आणि घरीच लॅपटॉप उघडतो. त्याला कुठे जावेच लागत नाही. ज्याला जावेच लागते तो टॅक्सी बोलावतो, इमारतीतील आणखी दोघा-तिघांना बरोबर घेतो आणि बाराशेचे तीनशे करतो. हे जमण्यासाठी शेजारी त्याच बाजूला, त्याच वेळी आणि तितकेच पैसे घालू शकणारा असावा लागतो. म्हणजे टॅक्सीचा लाभ नुसत्या व्यक्तीच्या ऐपतीवर अवलंबून नसतो, शेजाऱ्यांच्या ऐपतीवरही असतो. गरीब वस्तीतील एकट्या-दुकट्या बऱ्या पगाराच्या माणसाला ही भागीदारी सहजासहजी सापडत नाही.

वसई-विरारच्या बाबतीत ही दरी रेल्वेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला अशी विभागली गेली आहे, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. एव्हरशाईन सिटी आणि वसंतनगरी ही आखीव संकुले वसई पूर्वेलाच आहेत, तर पश्चिमेकडील भुईगाव, निर्मळ, आगाशी या पट्ट्यांत आजही शेतकरी आणि बागाईतदार राहतात. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुले नेणारे वसईचे फूलवाले पश्चिमेचेच आहेत. लोकल बंद पडली तर त्यांच्या करंड्या कोणत्याही टॅक्सीत बसत नाहीत, आणि दुपारनंतर त्या फुलांना कोणी विचारत नाही. फरक दिशेचा नाही, वस्ती कशी उभी राहिली याचा आहे. एकीकडे विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीसारखी नकाशा काढून, रस्ते सोडून बांधलेली संकुले आहेत. दुसरीकडे नालासोपारा पूर्वेचे संतोष भुवन, धानिव बाग, पेल्हार किंवा विरार पूर्वेचे मनवेलपाडा अशा वस्त्या आहेत. तेथे आधी घरे झाली आणि रस्ता मागाहून, उरलेल्या जागेतून निघाला.

नकाशाच पाहायचा तर मौज अशी की महामार्ग पूर्वेला आहे. पेल्हारच्या माणसाला महामार्ग जवळ आणि ग्लोबल सिटीच्या माणसाला लांब. केवळ अंतराने न्याय होत असता तर टॅक्सी आधी पेल्हारला यायला हवी होती. परंतु ॲपवरची गाडी अंतराच्या नियमाने पूर्णतः चालत नाही. संकुलाला नाव असते, फाटक असते, फाटकावर रखवालदार असतो, त्यामुळे नकाशावरील खूण नेमकी पडते. चाळींच्या बोळात ती खूण भलत्याच गल्लीत किंवा मुख्य रस्त्यावर पडते. मग चालकाचा फोन येतो. कुठे जायचे, पैसे रोख देणार की ऑनलाइन, हे तो विचारतो आणि उत्तर मनासारखे नसले तर फेरी रद्द करतो. पावसात गुडघाभर पाणी साचणाऱ्या बोळात हप्त्यावर घेतलेली गाडी घालण्यास तो नाखूष असतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. त्याचे स्वतःचे घर कदाचित त्याच बोळात असते. ॲपवर गाडी चालविणारे अनेक चालक याच वस्त्यांतून येतात. त्यांची गाडी मात्र सकाळी निघते ती संकुलांच्या फाटकाकडे.

अशा वस्त्यांचे खरे वाहन म्हणजे सीटवर चालणारी शेअर रिक्षा. घरापासून स्थानकापर्यंत तिचा आधार असतो. परंतु ती स्थानकाशी बांधलेली आहे. स्थानकातून माणसेच येत-जात नाहीत असे झाले की रांगेतील रिक्षावाल्याची कमाईही त्या दिवसापुरती बुडते. लोकल बंद पडल्याने ज्यांचा खाडा होतो त्यांच्या यादीत याचे नाव कोणी घेत नाही.

भाववाढीच्या बाजूने अर्थशास्त्रात एक युक्तिवाद केला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाडे चढले की घरी बसलेले चालक बाहेर पडतात, दूरच्या भागातील गाड्या टंचाईच्या भागाकडे वळतात, आणि ज्याची निकड सर्वांत मोठी त्याला गाडी मिळते. भाडे गोठविले तर गाड्याच मिळेनाशा होतात. वांद्रे-अंधेरीत एखाद्या पावसाळी संध्याकाळी हे बऱ्याच अंशी खरे ठरेलही. पण या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. वाढीव भाड्याच्या हाकेला ओ देऊन गाड्या खरोखर येऊ शकल्या पाहिजेत. लोकल बंद पडलेल्या दिवशी दहिसरपासून वर्सोवा पुलापर्यंत महामार्ग तुंबलेला असतो. २०२४ पासून याच महामार्गाच्या सिमेंटीकरणाच्या कामाने ही कोंडी कशी वाढली, हे तेथून जाणाऱ्यांना ठाऊक आहे. मुंबईतील टॅक्सी दीडपट भाड्याच्या आशेने निघाली तरी ती विरारला पोचेपर्यंत कचेऱ्यांची वेळ टळून गेलेली असते. पुरवठा वाढू शकत नाही तेथे वाढीव भाव एकच काम करतो, आहेत त्या गाड्या कोणी घ्यायच्या हे ठरविण्याचे. आणि निकड म्हणायची ती कोणाची? ज्याची रजा शिल्लक आहे त्याची, की ज्याचा दिवसाचा पगार कापला जाणार आहे त्याची? बाजाराला निकड कळते ती रुपयांतच, आणि सर्वांत मोठी निकड असणाऱ्याकडे रुपये सर्वांत कमी असतात.

हा प्रश्न इतर देशांतही उद्भवला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सिडनी शहराच्या मध्यभागी एका कॅफेत ओलीस धरण्याचा प्रकार घडला, लोक भयभीत होऊन बाहेर पडू लागले, आणि ॲपवरील भाडी कित्येक पट चढली. टीकेची झोड उठल्यावर कंपनीने पैसे परत केले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये राज्याच्या महाधिवक्त्याशी झालेल्या करारानुसार आणीबाणीच्या काळात भाववाढीला मर्यादा घालण्याचे कंपनीने मान्य केले. आपल्याकडील दीडपटीची मर्यादा त्याच जातीची आहे आणि ती आवश्यकच आहे. परंतु तिच्याने नालासोपाऱ्याच्या कामगाराला गाडी मिळणार नाही. बाराशे चाळीसच्या ऐवजी सव्वाआठशे झाले तरी ते त्याच्या एका दिवसाच्या रोजगाराहून अधिकच.

लंडनमधील एका अनुभवाची येथे आठवण होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथील भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी संप केला आणि काही स्थानके बंद पडली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या तिकीट-कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की नाइलाजाने दुसऱ्या मार्गाने गेलेल्यांपैकी सुमारे वीसांतील एक प्रवासी संप मिटल्यावरही त्या नव्या मार्गालाच चिकटून राहिला. अडचणीने त्याला अधिक सोयीची वाट दाखविली होती. लंडनच्या प्रवाशासमोर दुसरी भुयारी गाडी, बस, नदीतील बोट, सायकल असे पर्याय होते. विरारच्या प्रवाशाला अडचण नवी वाट दाखवीत नाही, कारण दाखविण्याजोगी वाटच नाही. त्याला ती त्याची पायरी तेवढी दाखविते.

यातील सर्वांत चिंतेची बाब मात्र पुढेच आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉईस अँड लॉयल्टी’ हा छोटा पण दूरगामी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे बीज त्याला नायजेरियाच्या रेल्वेत सापडले होते. तेथे भुईमुगाची वाहतूक रेल्वेकडून ट्रकांकडे जात होती, तरीही रेल्वेचा कारभार सुधारत नव्हता. स्पर्धेने सुधारणा होते या पाठ्यपुस्तकी समजुतीला हे सोडून होते. हर्शमनचे उत्तर असे की रेल्वेच्या ढिसाळपणावर ज्यांनी आवाज उठविला असता तेच गिऱ्हाईक सर्वांत आधी ट्रककडे निघून गेले. मागे राहिले ते मुकाट्याने सोसणारे, आणि सरकारी रेल्वेला तोट्याची फिकीर नव्हती.

वसई-विरारमध्ये नेमके हेच घडण्याचा धोका आहे. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात किंवा मे २०१० मधील मोटरमनच्या आंदोलनात वकील, प्राध्यापक, कारकून, हमाल सारेच अडकले. सारेच अडकल्यामुळे तक्रारीच्या अर्जावर सह्या करणारे हात पुष्कळ होते आणि त्यांत वर्तमानपत्रांत पत्र लिहू शकणारे, मंत्र्यांना शिष्टमंडळ नेऊ शकणारेही होते. ॲपच्या टॅक्सीने आणि घरबसल्या कामाने या वर्गाची त्या त्या दिवसापुरती सुटका केली आहे. सुटका झालेला माणूस दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला बसत नाही. त्यात त्याचा दुष्टपणा नाही, त्याची अडचण संपलेली असते एवढेच.

मग मागे राहिलेल्यांचा आवाज कसा उमटतो ते २२ जुलै २०२० रोजी नालासोपाऱ्यात दिसले. टाळेबंदीच्या काळात लोकल अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरतीच होती. खासगी नोकरीत असलेल्यांना कामावर तर बोलाविले गेले होते, पण त्यांना लोकलमध्ये प्रवेश नव्हता. त्यांची सारी भिस्त एसटीच्या बसवर होती. त्या सकाळी बस मिळेना, तेव्हा संतप्त प्रवासी स्थानकात घुसले आणि रुळांवर उतरले. या जमावात टॅक्सी परवडणारा मनुष्य असण्याचे कारण नव्हते. अर्ज, शिष्टमंडळ, चर्चा या मधल्या पायऱ्या ज्यांच्या हाती नसतात त्यांच्याकडे रूळ तेवढे उरतात. त्यानंतर त्यांची दखल घेतली जाते ती बहुधा पोलिसांच्या नोंदवहीत.

यावर उपाय म्हणून मोठमोठे आराखडे पुढे केले जातात. मेट्रो विरारपर्यंत आणण्याची योजना आहे, उत्तन-विरार सागरी सेतूची योजना आहे, रेल्वेच्या जादा मार्गिकांचे काम आहे. यांपैकी जादा मार्गिका आणि मेट्रो यांचे स्वागतच केले पाहिजे. सागरी सेतू मात्र मोटारवाल्यांचा मार्ग आहे. तो झाला तर लोकल बंद पडलेल्या दिवशी टॅक्सी घेऊ शकणारा अधिक लवकर मुंबईत पोचेल, आणि वर सांगितलेली दरी आणखी रुंदावेल. पुलावरून बस किती धावतील आणि त्या कोणत्या स्थानकाच्या कोणत्या बाजूने सुटतील, हे पुलाच्या खर्चाच्या आकड्याइतक्याच ठळकपणे जाहीर व्हायला हवे.

मेट्रो येईपर्यंत थांबण्याची गरज नाही अशा गोष्टीही आहेत. लोकल बंद पडणे हे नेहमीच आकस्मिक नसते. २७ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर २०२३ या काळात खार आणि गोरेगावदरम्यानच्या सहाव्या मार्गिकेसाठी पश्चिम रेल्वेने अडीच हजारांहून अधिक फेऱ्या रद्द केल्या. हे आधी जाहीर झालेले होते, तारखा ठरलेल्या होत्या, काम आवश्यकही होते. अशा वेळी कोणत्या दिवशी किती माणसे रेल्वेतून बाहेर फेकली जाणार याचा अंदाज रेल्वेच्या दप्तरातच असतो. महानगरपालिकेची स्वतःची परिवहन सेवा २०१२ पासून आहे, एसटीची आगारे वसई, नालासोपारा आणि अर्नाळा येथे आहेत. रेल्वे, एसटी आणि महापालिका यांनी एक स्थायी आदेश आधीच करून ठेवला आणि लोकल अमुक वेळेहून अधिक काळ बंद राहिली की कोणी न सांगता बस सुटू लागल्या, तर त्यासाठी नवा पूल बांधावा लागत नाही. त्या बस पहिल्यांदा नालासोपारा पूर्व आणि विरार पूर्व येथून सुटाव्यात, कारण तेथील माणसाला दुसरा मार्ग नाही. महामार्गावर त्या दिवसापुरती एक मार्गिका बसना राखून ठेवणे पोलिसांना अवघड जाऊ नये. एका बसमध्ये साठ माणसे जातात. तीच साठ माणसे टॅक्सीत बसविली तर पंधरा टॅक्सी लागतात आणि वर्सोवा पूल आणखी तुंबतो. हा साधा भागाकार भाववाढीच्या समर्थकांनीही करून पाहावा.

राहिला पैशाचा प्रश्न. ब्रिटनमध्ये रेल्वे बंद पडली की रेल्वेचेच तिकीट ठरावीक बसमध्ये चालते अशी व्यवस्था अनेकदा केली जाते, आणि हिशेब दोन्ही संस्था आपसात मिटवितात. विरारच्या प्रवाशाने महिन्याच्या पहिल्या तारखेला रांगेत उभे राहून पासाचे पैसे आगाऊ भरलेले असतात. ज्या दिवशी रेल्वे त्याला नेत नाही त्या दिवसाचे पैसेही त्यात आलेले असतात. तो पास दाखवून एसटीत चढू पाहणाऱ्याला कंडक्टर खाली उतरवितो, आणि नियमाने कंडक्टरचेच बरोबर असते.